पानिपत मोहिमेतील पत्रसंपर्क (१७६०-६१) : रणभूमी आणि पुणे यांमधील दुव्याचा एक अभ्यास

प्रस्तावना

पानिपतच्या तिसऱ्या युद्धाचा विचार मराठी इतिहासलेखनात प्रामुख्याने राजकीय आणि लष्करी अंगाने झालेला आहे. युद्धाची कारणे, सेनापतींचे निर्णय, रसदेचा प्रश्न, तोफखान्याचे स्थान आणि पराभवाचे परिणाम या विषयांवर विपुल लेखन उपलब्ध आहे. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांच्या १९४६ मधील इंग्रजी व १९६१ मधील मराठी ग्रंथाने या चर्चेला एक उंची प्राप्त करून दिली. तथापि, दूरच्या रणभूमीवर गेलेली माणसे आणि मागे राहिलेले त्यांचे आप्त यांच्यातील संपर्क कसा चालत होता, तो केव्हा तुटला आणि तुटल्यानंतर घराचे काय झाले, हा प्रश्न या चर्चेत बहुधा दुय्यम राहिला आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, पानिपत मोहिमेतील पत्र हे केवळ राजकीय वृत्तांताचे साधन नव्हते. ते पाठविणारा जिवंत असल्याचा पुरावाही होते. नोव्हेंबर १७६० नंतर हा पुरावा मिळणे दुरापास्त झाले. त्यामुळे पुण्याच्या वाट्याला पराभवाबरोबरच अनिश्चितताही आली आणि तिचे कौटुंबिक, धार्मिक व राजकीय परिणाम पुढे दोन दशकांहून अधिक काळ टिकले.

१. साधनांचे स्वरूप

या विषयाची मूळ साधने मुख्यत्वे मोडी लिपीतील पत्रे आहेत. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडात पानिपतपूर्व दशकातील व मोहिमेच्या काळातील पत्रे आली. पुढे गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्यांपैकी दुसरा खंड पानिपत प्रकरणाला वाहिलेला आहे. यांखेरीज नाना फडणीस यांचे अपुरे आत्मचरित्र, शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराज पंडितांनी १७८० मध्ये फार्सीत लिहिलेला वृत्तांत आणि भाऊसाहेबांची बखर ही साधने महत्त्वाची आहेत.

या साधनांची एक मर्यादा आरंभीच लक्षात घेणे आवश्यक आहे. जतन झालेली पत्रे बहुतांशी पेशवे, सरदार, मामलेदार, वकील व कारकून यांची आहेत. सामान्य शिलेदार, बारगीर, पायदळातील शिपाई किंवा बाजारबुणगे यांनी स्वतः लिहिलेली पत्रे जवळजवळ आढळत नाहीत. त्यामुळे ‘रणभूमीवरील माणसाचा घराशी संपर्क’ असे म्हणताना प्रत्यक्षात एका मर्यादित लेखनसंपन्न वर्गाचाच संपर्क अभ्यासकाच्या हाती लागतो. उरलेल्यांविषयी अनुमानानेच बोलावे लागते.

२. पत्राचा प्रवास

अठराव्या शतकातील मराठी राज्यात सार्वजनिक टपालव्यवस्था नव्हती. पत्रे पोहोचविण्याचे काम जासूद, हरकारे, कासीद आणि सांडणीस्वार करीत. महत्त्वाचा मजकूर पायी जाणाऱ्या जासुदांच्या जोडीबरोबर पाठविण्याचा प्रघात होता. एकावर काही संकट ओढवले तर दुसऱ्याने पत्र पुढे न्यावे, हा त्यामागील हेतू. सावकारी पेढ्यांची स्वतंत्र यंत्रणा होती. हुंडीच्या व्यवहाराला बाजारभाव व राजकीय बातमी वेळेवर मिळणे अत्यावश्यक असल्याने पेढ्यांचे कासीद पुष्कळदा सरकारी जासुदांच्याही आधी पोहोचत.

पत्र हाती आल्यावर ते कोणत्या दिवशी मिळाले याची नोंद त्यावर करण्याची कारकुनी पद्धत होती. ‘पैवस्ती’ची ही नोंद आणि पत्रातील मूळ तारीख यांची तुलना केल्यास प्रवासास लागलेले दिवस काढता येतात. पानिपतचे अंतर या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते. पुणे ते दिल्ली हे अंतर सुमारे १४०० किलोमीटर आहे. दिवसाला सरासरी ७० किलोमीटरचा वेग गृहीत धरला तरी पत्र पोहोचण्यास वीस दिवस आणि उत्तर परत येण्यास आणखी वीस दिवस लागत. म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांत किमान चाळीस दिवसांचे अंतर पडे. मराठी फौज पानिपतावर येऊन ठेपल्यापासून १४ जानेवारी १७६१ च्या युद्धापर्यंतचा काळ अवघा अडीच महिन्यांचा आहे. मार्ग पूर्णतः मोकळा असता तरी या काळात प्रश्नोत्तराच्या दोन फेऱ्याही धड पुऱ्या झाल्या नसत्या.

३. मोहीम, कुटुंब आणि पत्राची भाषा

उदगीरच्या विजयानंतर मार्च १७६० मध्ये परतूरच्या मुक्कामाहून सदाशिवराव भाऊंच्या नेतृत्वाखाली फौज उत्तरेकडे निघाली. पेशव्यांचे ज्येष्ठ पुत्र विश्वासराव मोहिमेत होते. नानासाहेब पेशवे आणि भाऊसाहेब यांची त्यानंतर पुन्हा भेट झाली नाही. येथून पुढे दोघांमधील संबंध केवळ पत्रांच्या आधारे चालला.

या मोहिमेचे वैशिष्ट्य असे की, कुटुंबाचा काही भाग घरी व काही भाग छावणीत होता. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई फौजेबरोबर होत्या. अठरा वर्षांचे नाना फडणीस आपली आई व पत्नी यांच्यासह गेले होते. उत्तरेतील तीर्थक्षेत्रांचे दर्शन घडावे या हेतूनेही अनेक स्त्री-पुरुष फौजेच्या आश्रयाने निघाले. त्यामुळे छावणीतून पुण्यास येणाऱ्या पत्रात लष्करी मजकुराबरोबर आप्तांची खुशाली येणे स्वाभाविक होते.

तत्कालीन पत्रलेखनाच्या संकेतांतही हे दुहेरी स्वरूप दिसते. वडीलधाऱ्यांना ‘तीर्थरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’ असे संबोधून, साष्टांग नमस्कार किंवा आशीर्वाद लिहून, येथील कुशल कळवून तेथील कुशल विचारण्याचा रिवाज होता. या ठरीव शब्दांकडे अभ्यासक सहसा दुर्लक्ष करून थेट राजकीय मजकुराकडे वळतात. परंतु मागे राहिलेल्या माणसाच्या दृष्टीने पत्रातील सर्वांत महत्त्वाची ओळ हीच असे. पत्राच्या तारखेपर्यंत लिहिणारा सुखरूप आहे, इतके त्या ओळीवरून निश्चित होई. पेशव्यांच्या बाबतीत तर राज्यकारभार आणि घर यांची पत्रे वेगळी करणेच कठीण होते. सेनापती हा चुलतभाऊ होता आणि मोहिमेचा नामधारी प्रमुख हा स्वतःचा पुत्र होता.

ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली हस्तगत झाली. परंतु पावसाळ्यात यमुनेला पूर असल्याने पलीकडील शत्रूवर चालून जाता येईना. पैशाची व धान्याची टंचाई वाढत गेली. याच काळातील भाऊसाहेबांची गोविंदपंत बुंदेले यांना गेलेली पत्रे वारंवार द्रव्य मागणारी आणि शत्रूची रसद तोडण्याचा तगादा लावणारी आहेत. छावणीतील ओढाताण आणि दक्षिणेस तिची होणारी जाणीव यांत कित्येक दिवसांचे अंतर राहत असे, हे या पत्रांचा काळ लावताना ध्यानी ठेवावे लागते.

४. संपर्काचा खंड

१७ ऑक्टोबर १७६० रोजी मराठ्यांनी कुंजपुरा घेतला. त्यानंतर थोड्याच दिवसांत अहमदशाह अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठी फौज व दिल्ली यांच्या मध्ये आला. लष्करी इतिहासात या घटनेचा उल्लेख रसद तुटल्याची घटना म्हणून होतो. पत्रसंपर्काच्या दृष्टीनेही तिचे महत्त्व तितकेच आहे. दक्षिणेकडे जाणारा जासूद आता शत्रूच्या चौक्या चुकवून किंवा दूरच्या आडमार्गाने जाणे भाग होते.

जानेवारी १७६१ च्या आरंभी घडलेला एक प्रसंग परिस्थितीचे गांभीर्य स्पष्ट करतो. दिल्लीहून पानिपतास खजिना घेऊन निघालेली मराठी स्वारांची एक तुकडी रात्रीच्या अंधारात वाट चुकून थेट अफगाण छावणीत शिरली आणि मारली गेली. दिल्ली ते पानिपत हे अंतर जेमतेम ९० किलोमीटर आहे. तेवढ्या अंतरातही स्वारांना सुरक्षित पोहोचता येत नसेल, तर एकट्यादुकट्या जासुदाने पुण्यापर्यंत पत्र नेणे किती अवघड झाले होते याची कल्पना येते.

या काळात नानासाहेब पेशवे दक्षिणेतून हळूहळू उत्तरेकडे सरकत होते. २७ डिसेंबर १७६० रोजी त्यांनी पैठण येथे दुसरा विवाह केला. पानिपतावर उपासमार चालू असताना पेशवे लग्नात गुंतले होते, अशी टीका त्यांच्यावर झाली आहे. मदत पाठविण्यातील दिरंगाईचा दोष त्यामुळे दूर होत नाही. मात्र त्या दिवशी पेशव्यांपाशी पानिपतची कोणत्या तारखेपर्यंतची बातमी होती, हा प्रश्न निवाड्यापूर्वी विचारणे न्याय्य ठरेल. आज दोन्ही ठिकाणच्या घटना एकाच पानावर शेजारी मांडता येतात. तत्कालीन माणसांना ती सोय नव्हती.

भाऊसाहेबांच्या अखेरच्या लेखनाविषयीची हकीकत काशिराजांच्या वृत्तांतात मिळते. युद्धाच्या पूर्वरात्री त्यांनी काशिराजांना स्वहस्ते चिठ्ठी लिहिली. सहनशक्तीची परिसीमा झाली आहे, तडजोडीचे काही होणार असेल तर तत्काळ व्हावे, असा तिचा आशय होता. घरापर्यंतची वाट बंद असताना सेनापतीचे शेवटचे पत्र शत्रूच्या गोटातील एका मध्यस्थाकडे जावे, ही वस्तुस्थिती त्या काळातील कोंडीविषयी पुरेशी बोलकी आहे.

५. बातमीचे आगमन

पराभवाची पहिली वार्ता पेशव्यांना २४ जानेवारी १७६१ च्या सुमारास भेलसा येथे मिळाली. ती सरकारी जासुदाने आणलेली नव्हती. उत्तरेतील सावकारांचे पत्र घेऊन औरंगाबादेकडे जाणारा एक कासीद वाटेत सापडला आणि त्याच्याजवळील पत्र उघडण्यात आले. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये व खुर्दा किती गेला याची गणती नाही, अशा आशयाचा सांकेतिक मजकूर त्यात होता. ग्रँट डफ याच्या १८२६ मधील इतिहासग्रंथामुळे हा प्रसंग सर्वतोमुखी झाला.

या मजकुराचा विचार सहसा त्यातील रूपकासाठी होतो. परंतु संपर्काच्या इतिहासात त्याचे दोन विशेष नोंदविण्यासारखे आहेत. पहिला असा की, पानिपत ते भेलसा हे सुमारे ७०० किलोमीटरचे अंतर बातमीने दहा दिवसांत कापले. व्यापारी यंत्रणा युद्धाच्या धामधुमीतही चालू राहिली आणि पेशव्यांना स्वतःच्या पुत्राची वार्ता परक्याच्या पत्रातून कळली. दुसरा विशेष अधिक मूलगामी आहे. त्या पत्रात मोती व मोहरा यांची संख्या होती; रुपये व खुर्दा यांची नव्हती. मृतांमधील मोठ्यांची मोजदाद झाली आणि सामान्यांची झाली नाही. पुढे दप्तरांतही हीच उतरंड कायम राहिली.

६. निश्चित मृत्यू आणि अनिश्चित मृत्यू

पानिपत प्रकरणातील दोन स्त्रियांची तुलना या ठिकाणी उपयुक्त ठरते. डिसेंबर १७६० मधील चकमकीत बळवंतराव मेहेंदळे पडले. त्यांचा देह छावणीत आणण्यात आला आणि त्यांच्या पत्नी तेथेच सती गेल्या. मृत्यू डोळ्यांसमोर होता. त्याविषयी शंकेला जागा नव्हती. त्या काळच्या रूढीने त्यापुढचा मार्ग, आज तो कितीही क्रूर वाटला तरी, ठरवून ठेवला होता.

पार्वतीबाईंची स्थिती वेगळी होती. १४ जानेवारीच्या धुमश्चक्रीत भाऊसाहेबांना अखेरचे कोणी पाहिले याविषयी एकवाक्यता नव्हती. काशिराजांच्या वृत्तांतानुसार एक शिरविरहित धड अंगावरील खुणांवरून भाऊसाहेबांचे म्हणून ओळखण्यात आले आणि त्यावर अग्निसंस्कार झाले. परंतु ही ओळख शत्रूच्या छावणीत, परक्या आश्रयाखालील माणसांच्या साहाय्याने पटविली गेली होती. दुसरीकडे, भाऊसाहेब सुखरूप असून अमुक ठिकाणी आहेत, अशा वार्ताही दक्षिणेत येत राहिल्या. रणांगणातून वाचून परतलेल्या पार्वतीबाईंनी पतीचा मृत्यू मान्य केला नाही. १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या सौभाग्यलक्षणे धारण करून राहिल्या. त्यांच्या निधनानंतर पती-पत्नींची उत्तरक्रिया एकत्र झाली.

या भूमिकेकडे केवळ भाबडी आशा म्हणून पाहणे अपुरे आहे. बेपत्ता व्यक्तीच्या बाबतीत ठरावीक वर्षे, सामान्यतः बारा वर्षे, वाट पाहून नंतर पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिचे दहन करण्याचा विधी धर्मशास्त्रात सांगितलेला आहे. म्हणजे बातमी न मिळण्याची शक्यता समाजाने गृहीत धरलेली होती आणि त्या प्रतीक्षेला मुदतही घातलेली होती. पार्वतीबाईंनी ती मुदत ओलांडली. राजघराण्यातील स्त्रीने बावीस वर्षे घेतलेल्या या भूमिकेला उघड विरोध झाला नाही, यावरून पुण्यातील साशंकता किती खोल होती हे सूचित होते.

नानासाहेब पेशव्यांचा अंत मात्र लवकर झाला. खचलेल्या अवस्थेत ते पुण्यास परतले आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचे निधन झाले. नाना फडणीस वेष पालटून, हालअपेष्टा सोशीत परत आले. त्यांची पत्नी त्यांना पुढे भेटली. आई परतली नाही. आत्मचरित्रातील या भागात मुत्सद्दी नाना दिसत नाहीत. आप्तांची बातमी मिळेल का, या विवंचनेतील एक तरुण दिसतो. पुढील आयुष्यात नानांची बातमी मिळविण्याची यंत्रणा विख्यात झाली. तिचे मूळ या अनुभवात असल्याचा थेट पुरावा नसला, तरी हा संबंध अभ्यासकांनी तपासून पाहण्याजोगा आहे.

७. अनिश्चिततेचे राजकारण

घरातील अनिश्चितता राज्यातही उतरली. सुखनिधान नावाच्या एका कनोजी ब्राह्मणाने आपणच सदाशिवरावभाऊ असल्याचा दावा केला. माधवराव पेशव्यांच्या काळात त्याला कैदेत टाकण्यात आले. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या मामलेदाराच्या साहाय्याने तो सुटला, कोकणातील अनेक ठाणी त्याच्या हाती गेली आणि बंडाने गंभीर रूप घेतले. अखेर पराभूत होऊन तो आंग्र्यांच्या हाती सापडला. पुण्यात त्याची चौकशी होऊन डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्ताची शिक्षा देण्यात आली.

नारायणरावांच्या खुनानंतरची दुफळी, रघुनाथरावांचा पक्ष आणि इंग्रजांचा हस्तक्षेप ही या बंडाला पोषक ठरलेली राजकीय कारणे सर्वज्ञात आहेत. परंतु युद्धानंतर पंधरा वर्षांनी भाऊसाहेबांचे नाव घेऊन माणसे जमविता आली, याचे आणखी एक कारण होते. भाऊसाहेबांचा मृत्यू पुण्याने कधी निर्विवादपणे ऐकलाच नव्हता. तोतयाने या रिकाम्या जागेचा लाभ घेतला.

८. नाव नसलेल्यांचा प्रश्न

सामान्य सैनिकाच्या घरी बातमी कशी पोहोचत असेल? लेखनवाचन थोड्यांनाच अवगत असलेल्या त्या काळात पथकातील गाववाला, परतणारा यात्रेकरू किंवा सावकाराचा गुमास्ता यांच्या तोंडी निरोपावरच बहुतेकांची भिस्त असणार. एका गावातील किंवा एका भावकीतील माणसे एकाच पथकात असणे हा त्यांचा मोठा आधार होता. पण पथकच्या पथक कापले गेले की निरोप आणणाराही उरत नसे. युद्धात पडलेल्यांच्या मुलांना ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणूक किंवा जमीन देण्याची मराठी राज्यातील पद्धत प्रशंसनीय होती. मात्र तिचा लाभ मिळण्यास मृत्यू मान्य व्हावा लागे. ज्यांचा ठावठिकाणाच नाही, त्यांच्या वारसांची अडचण यावरून ध्यानी येते.

पुढील काळातील व्यवस्थेशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. १८५६ मध्ये इराणवरील मोहिमेबरोबर हिंदुस्थानातून क्षेत्रीय टपालघर पाठविण्यात आले. पहिल्या महायुद्धापर्यंत सैनिकांची टपालव्यवस्था सुस्थिर झाली होती. तरीही पुण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनला डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत मेसोपोटेमियातील कुत येथे वेढा पडला. या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. त्या काळात बाहेरच्या जगाशी मुख्य दुवा बिनतारी यंत्राचा होता आणि तो सेनाधिकाऱ्यांसाठी होता. शिपायाच्या घरच्या पत्रासाठी नव्हता. यंत्रणा बदलली, तरी वेढ्यातील सामान्य सैनिकाचे घर पूर्वीप्रमाणेच अंधारात राहिले. दोन काळांतील महत्त्वाचा फरक नोंदीचा आहे. १९१६ मध्ये प्रत्येक शिपायाचे नाव पलटणीच्या पटावर होते आणि त्याच्या मृत्यूची किंवा बेपत्ता असल्याची नोंद करणे सरकारला भाग होते. १७६१ मध्ये ‘खुर्दा’ म्हणून गणल्या गेलेल्यांना ते भाग्य लाभले नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

पहिला, पानिपत मोहिमेतील पत्रांत राजकीय व कौटुंबिक असा काटेकोर भेद करता येत नाही. पत्रातील कुशलाचा ठरीव मजकूर हादेखील इतिहासाचे साधन म्हणून वाचला पाहिजे.

दुसरा, ऑक्टोबर १७६० अखेर यमुनेच्या काठी जी नाकेबंदी झाली, तिने धान्याप्रमाणेच बातमीचाही मार्ग रोखला. पेशव्यांच्या त्यानंतरच्या निर्णयांचे मूल्यमापन त्यांना त्या त्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीच्या आधारे व्हावे.

तिसरा, पार्वतीबाईंचे बावीस वर्षांचे सौभाग्य आणि तोतयाचे बंड या दोन घटना परस्परांपासून अलग नाहीत. दोहोंचे मूळ रणभूमी आणि घर यांमधील तुटलेल्या दुव्यात आहे.

चौथा निष्कर्ष भावी संशोधनासंबंधी आहे. पानिपतावर गेलेल्या सामान्य माणसांचा शोध पत्रांत लागणार नाही. बालपरवेशीच्या नेमणुका, वतनांचे तंटे, गावांचे महजर आणि घराण्यांच्या कैफियती यांत ‘पानिपतावर पडला’ किंवा ‘पानिपताहून आला नाही’ अशा अर्थाच्या नोंदी शोधाव्या लागतील. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपापल्या परिसरातील मोडी कागदांचा या दृष्टीने धांडोळा घेतल्यास, ज्यांच्या घरी कधी पत्र आले नाही आणि ज्यांची गणती सावकाराच्या पत्रातही झाली नाही, त्यांपैकी काहींची नावे तरी इतिहासात दाखल होऊ शकतील.